लाभाची पायली

रविवारी सकाळी कुकर लावायला तांदूळ मोजताना मंजुषाच्या तोंडून "लाभ" असा शब्द निघाला आणि तिचा हात जिथल्या तिथे राहिला. कप साधाच होता, राईस कुकरबरोबर आलेला, प्लॅस्टिकचा. पहिला कप भांड्यात रिकामा झाला होता, दुसरा भरायचा होता, आणि ती डब्यात हात घालून उभी. ऊर्जानगरच्या या क्वार्टरमध्ये लग्न होऊन आल्यापासून तिने कितीदा तांदूळ मोजले असतील. दिनेशची शिफ्टची बस चुकेल म्हणून घाईत, कधी फोन खांद्याला दाबून कोणाशी तरी वाद घालत. पण मोजताना तोंडाने काही म्हणायची वेळ कधी आली नव्हती. तीन माणसांना दोन कप लागतात, त्यात मोजायचं ते काय. खिडकीबाहेर वीज केंद्राच्या चिमण्या नेहमीसारखा धूर सोडत होत्या, कठड्यावर राखेचा तोच पातळ थर होता, खालच्या घरी कोणीतरी मिक्सर लावला होता. सगळं रोजचंच होतं आणि हा शब्द मात्र रोजचा नव्हता. कोणीतरी मागून येऊन तिच्या तोंडाने बोलून गेलं असावं असं तिला वाटलं.

"लाभ म्हणतलं नं तू?" बाहेरच्या खोलीतून आवाज आला. तिचे वडील, भैयाजी, तिथे खुर्चीत बसले होते. गुडघे धरल्यामुळे दिवाळीनंतर तिने त्यांना सिंदेवाहीकडच्या गावाहून इथे आणलं होतं. तेव्हापासून ते टीव्हीकडे पाठ करून बसत, कारण टीव्हीपुढे बसलं की डुलकी लागते आणि दिवसा झोपणारा माणूस त्यांच्या मते आजारीच असतो.

"हो बाबा. तोंडातून निंगालं."

"मंग थांबली काऊन? लाभ म्हणून थांबू नाई. दुसरं माप टाकाव लागते."

तिने निमूटपणे दुसरा कप टाकला. आणि तेव्हा, तांदळात पाणी ओतता ओतता, तिला काल ऐकलेला आवाज पुन्हा ऐकू आला. लहान मुलीचा, थोडा घोगरा, सर्दीने बसलेला. लाभ, दोन, तीन, चार. आंबेबोडीच्या बालवाडीतली आचल. काल दुपारी खिडकीबाहेर उभं राहून मंजुषाने तो आवाज स्पष्ट ऐकला होता, शब्द न् शब्द कानात शिरला होता, आणि तिला काहीही कळलं नव्हतं. उलट तिला वाटलं होतं, गेलं, हिला एकसुद्धा येत नाही.

भैयाजी गावचे मापारी होते. झाडीपट्टीत धानाची मळणी झाली की रास घातली जायची आणि मग मापाऱ्याला बोलावणं यायचं. मंजुषाला लहानपणचं ते आठवायला लागलं तेव्हा आधी वास आला. तनसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, नव्या धानाच्या कोंड्याचा, नाकात खाज आणणारा. राशीभोवती कोणी मोठ्याने बोलायचं नाही, चप्पल घालून जायचं नाही. बाबा उकिडवे बसत, डोक्याला दुपट्टा, आणि पायली राशीत अशी घालत की ती शीग लागूनच, काठावर धानाचा ढीग घेऊनच वर येई. पहिली पायली पोत्यात पडली की ते म्हणत, लाभ. दुसरीला दोन. तिसरीला तीन. पहिल्या पायलीला एक म्हणायचं नाही ही सगळ्यांची रीत होती, तशी ती अजूनही त्या भागात खेडोपाडी आहे. आता काटे आले, व्यापारी गाडी घेऊन दारात येतो, तरी घरच्या खाण्याचं धान बाजूला काढताना म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तेच येतं. मंजुषा लाभ शिकली आणि मग शाळेत एक शिकली, आणि एक शिकल्यावर लाभ कुठे गेला ते तिला कळलंही नाही. चंद्रपूरला कॉलेज, नागपूरला समाजकार्याची पदवी, मग संस्थेची नोकरी. आज त्या नोकरीत तिचं काम काय होतं, तर मुलांना मोजता येतं की नाही हे मोजलं जाईल तेव्हा दाराबाहेर उभं राहणं.

दाराबाहेर, कारण आत जायची तिला मनाई होती. तिची संस्था चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या गावांमध्ये बालवाड्या चालवायची. पैसे देणारी मंडळी मुंबईची, आणि त्यांची अट अशी, की बालवाडी चालवली म्हणून पैसे नाहीत, मुलं शिकली तर पैसे. शिकली की नाही हे बघायला तिसरीच माणसं येणार. ज्या गावातली मुलं शिकलेली दिसतील, त्या गावाला लागून असलेल्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, पुढच्या वर्षी नवी बालवाडी उघडणार. सुरुवातीला ही अट ऐकून संस्थेतली सगळी माणसं दबून गेली होती. मंजुषाला मात्र, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं होतं. आधीच्या प्रकल्पात तिने वर्षानुवर्षं सतरंज्यांचे फोटो पाठवले होते, बॅनरपुढे ओळीत उभ्या केलेल्या मुलांचे फोटो, खेळण्यांच्या पावत्या. मुलांना काय येतं हे एकदाही कोणी विचारलं नव्हतं. आता कोणी सतरंजीबद्दल विचारत नव्हतं. एटापल्लीकडच्या एका ताईने मुलांना माडियात गोष्टी सांगायला सुरुवात केली, आंबेबोडीची बालवाडी चालवणाऱ्या कुंताने मासे धरायच्या दिवसांत बालवाडीच तलावाच्या पाळीवर नेली, कारण ढिवरांची मुलं त्या दिवसांत घरी राहतच नाहीत. आणि या कशालाही वरून परवानगी लागली नाही. हे सगळं त्या अटीने दिलं होतं. मंजुषा ते मानत होती आणि बैठकांमध्ये बोलूनही दाखवत होती, इतकं की दिनेश तिला चिडवायचा, तुझा पगार त्यांनी वाढवला की काय.

काल झालं ते असं. तपासायला आलेला भूपेश हा मुलगा मुळात नागपूरचा, वागायला नीट, पोरांशी बोलताना खाली मांडी घालून बसणारा. त्याच्याकडच्या परीक्षेत एक खेळ असा होता, की लहान पेला धान्याने भरून वाडग्यात ओतायचा आणि वाडगा भरेपर्यंत किती पेले झाले ते म्हणायचं. धान्य गावातलं चालेल असं सूचनेत लिहिलेलं होतं. गावात या दिवसांत नवं धान. कोणीतरी सूपभर आणून ठेवलं. आचलने पेला धानात घातला, शीग लावून वर काढला, ओतला, आणि म्हणाली, लाभ. भूपेशने विचारलं, काय? ती पुन्हा म्हणाली, लाभ. मग पुढे नीट, दोन, तीन, चार. तिच्यानंतर आलेल्या मुलानेही तेच केलं. त्याच्यानंतरच्या मुलीने तेच. पहिला आकडा एक यायला हवा, तो येत नव्हता. भूपेश चुकीची खूण करत होता, आणि खिडकीबाहेर मंजुषा प्रत्येक लाभाला मनातल्या मनात खचत होती. कुंता नियमाप्रमाणे लांब, पाण्याच्या टाकीपाशी बसली होती, तिला आतलं काही ऐकू येत नव्हतं. परीक्षा संपल्यावर तिने चहा केला तर मंजुषा उशीर होतोय म्हणून तो न पिताच निघाली. वाटभर तिच्या मनात एकच होतं, की हिने वर्षभर काय केलं. आता कुकरच्या झाकणावर हात ठेवून उभी असताना तिला तो कालचा, न प्यायलेला चहा आठवला. कुंताने वर्गात एक, दोन, तीन शिकवलं होतं, मुलं मणी मोजताना एक, दोन, तीन म्हणत होती, मंजुषाने स्वतः अनेकदा ऐकलं होतं. पण समोर धान आलं, माप आलं, आणि मुलांनी धान जसं मोजतात तसं मोजलं. गावातल्या प्रत्येक खळ्यावर महिनाभर त्यांनी तेच तर पाहिलं होतं.

तिला बसावंसं वाटलं. ती बाहेर येऊन भैयाजींच्या शेजारी जमिनीवर बसली, जशी लहानपणी राशीशेजारी बसायची. लाभाची पायली त्यांच्या गावात बाकीच्या धानाच्या पोत्यात टाकत नसत, हे तिला आत्ता आठवत होतं. ती बाजूला ठेवत. दर राशीची पहिली पायली वेगळ्या पोत्यात जायची आणि ते पोतं इंदुताईंचं असायचं. इंदुताई शेजारच्या गावाहून सायकलवर यायच्या आणि भैयाजींच्या घराच्या छपरीत पोरांना घेऊन बसायच्या. कसलं तरी मानधन त्यांना होतं, ते यायचं तेव्हा यायचं. म्हणून गावाने ठरवलं असावं, किंवा कोणी ठरवलंही नसेल, एखाद्याने पहिली पायली दिली आणि बाकीच्यांना लाज वाटली असेल. इंदुताईंचा हात खडूने पांढरा असायचा आणि त्यांनी मंजुषाचा हात धरून पहिल्यांदा गोल काढायला शिकवला तेव्हा तिच्या मनगटावरही पांढरं उमटलं होतं. तिथे ती काय शिकली? गोल शिकली. आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकली. मोठ्या माणसाला प्रश्न विचारता येतो आणि विचारल्यावर मार बसत नाही, हे शिकली, आणि पुढचं सगळं, कॉलेज, नोकरी, हे क्वार्टर, तिच्या मते त्या एका गोष्टीवर उभं होतं. इंदुताईंना कोणी विचारलं नाही, की पोरं शिकली का. रास मोजायच्या आधीच त्यांचं माप बाजूला पडलेलं असायचं. हे आठवून मंजुषाला इतकं भरून आलं की तिने वडिलांच्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि ते गुडघा दुखतो म्हणून ओरडले.

पण तिचं डोकं तिला सुखाने रडूही देत नव्हतं. समजा इंदुताईंनी काहीच शिकवलं नसतं तर? पलीकडच्या गावात एक बाई होत्या, त्यांनाही पहिली पायली मिळायची, आणि त्यांच्याकडची पोरं खिचडी खाऊन घरी यायची, बस. तिथली मंजुषाच्या वयाची एक मुलगी आज कुठे असेल? तिच्यासाठी कोणीतरी दारात येऊन मोजायला हवं होतं. म्हणून मोजणं वाईट असं मंजुषाला म्हणता येईना. आणि आचलचं मोजणं चूक ठरावं हेही तिला सोसवेना. आंबेबोडीचं काय होईल ते सोडा, नाल्यापलीकडच्या टोल्याचं काय होईल? पाऊस लागला की नाला भरतो आणि टोल्यावरची पोरं चार महिने इकडे येऊच शकत नाहीत. टोल्यावरची रंभा गेल्या वर्षी पोराला कडेवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून आली होती आणि बालवाडीच्या दारात उभी राहून म्हणाली होती, "बाई, आमच्याकडे कधी उघडता?" मंजुषाने तिला पुढच्या वर्षी म्हणून सांगितलं होतं. शब्द दिला होता असं म्हणता येणार नाही, पण रंभाने तो घेतला होता.

"बाबा, पोट्ट्याहिनं परीक्षेत धान मोजलं अन् पयल्या मापाले लाभ म्हणतलं," तिने सांगितलं. "त्या पोरानं चूक धरलं."

"काऊन? बरोबरच तं मोजलं."

"त्याले नाई माहीत."

"तुले माहीत हाय नं. मंग सांगतलं काऊन नाई?"

यावर तिने दुसरंच सांगितलं. म्हणाली, मी सांगितलं तर त्याला वाटेल, ही गुण मागायला आली. मुलं पास झाली तर पैसा आमच्या संस्थेला मिळतो. भैयाजींनी टाळूवरून हात फिरवला. मग म्हणाले, "हे बराबर हाय. आपली रास आपुन मोजू नाई. मी मापारी होतो तरी आपल्या घरची रास मी कधी मोजली नाई. बाजूच्या गावचा मापारी येये. मी तिकडं बैलबंडीपाशी जाऊन बसो." पुढे बोलले, "पण माप चेपलं असन तं सांगाव लागते. राशीबद्दल बोलू नाई. मापाबद्दल बोलाव. त्यात लाज नाई."

दिनेश ड्यूटीवरून आला, जेवला, झोपला. मंजुषा भांडी घासून झाल्यावर बाल्कनीत गेली आणि भूपेशला फोन लावला. बोलायच्या आधी तिने दोनदा घसा साफ केला. तिला स्वतःचा आवाज ऐकू येत होता, बैठकीतला, गुळगुळीत, आणि तो आवाज ऐकून तिचाच तिच्यावर विश्वास बसेना. तिने तो सोडला आणि साधं सांगितलं. माझे वडील मापारी होते. आमच्याकडे पहिल्या मापाला लाभ म्हणतात. मी काल बाहेर उभी राहून ऐकलं आणि मला ते कळलं नाही, आज सकाळी तांदूळ मोजताना कळलं. मी गुण मागत नाही. तुमच्या खेळातलं माप आमच्या भागाला बसत नाही, एवढंच सांगते.

तो हसेल असं तिला वाटलं. तो हसला नाही. "मॅडम, माझी आजी गहू मोजताना काहीतरी असंच म्हणायची," तो म्हणाला. "मी तिला हसायचो." मग त्याने विचार करून सांगितलं, की केलेल्या खुणा तुमच्या सांगण्यावरून मला बदलता येणार नाहीत, बदलल्या तर उद्या कोणीही फोन करेल. मापात चूक आहे असं तुम्ही कळवलंत तर दुसरं माणूस जाईल आणि सगळी परीक्षा नव्याने होईल. पहिलं पुसलं जाईल. दुसऱ्यात जे येईल ते शेवटचं. "आणि पहिल्यात काय आलंय ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. कदाचित त्यात सुद्धा गाव पुढे गेलं असेल. बघा, विचार करा."

हे तिने धरलंच नव्हतं. फोन ठेवल्यावर ती तशीच उभी राहिली. कदाचित पहिल्यातच गाव पुढे गेलं असेल. बाकीच्या खेळांत मुलं चांगली होती, चित्रावरून गोष्ट सांगताना तर एक पोरगा थांबतच नव्हता. गप्प राहिलं तर टोला मिळेलही. पुन्हा परीक्षा झाली आणि त्या दिवशी आचलला ताप असला, कोणाच्या घरी लग्न निघालं, पोरं नवीन माणसाला बुजली, तर टोला गेला. आणि गप्प राहिलं तर काय जाईल? आचलचं नाव कुठे छापून येणार नव्हतं. पण मुंबईच्या मंडळींपुढे एक वाक्य जाईल, की झाडीपट्टीतल्या मुलांना मापाने मोजता येत नाही. मग पुढच्या वर्षी त्यावर उपाय येईल, पुस्तिका येईल, कुंताला प्रशिक्षण देतील, आणि कुंता पोरांना धान समोर ठेवून सांगेल, लाभ म्हणायचं नाही. आणि ती पुस्तिका पोहोचवायला गाडीत बसून कोण जाईल, तर मंजुषा. हा विचार तिला इतका स्पष्ट दिसला की तिने कठड्यावरची राख बोटाने पुसायला घेतली, आणि पुसत राहिली.

कुंताचा फोन दुपारी कधी लागत नसे. म्हणून सोमवारी सकाळी मूल गावाकडे जाणारी एसटी धरून ती निघाली. खिडकीतून धुकं, मग ऊन, मग कापलेल्या धानाची बांधी, पाणथळ जागी बगळे. सकाळी निघताना भैयाजींनी विचारलं होतं, इंदुताई हायेत का गेल्या, आणि तिला ते माहीत नव्हतं. बसमध्ये तिच्या शेजारी एक म्हातारी कोंबडी मांडीवर घेऊन बसली होती आणि कोंबडी मंजुषाच्या ओढणीला टोचत होती. तिला वाटलं, आपण किती जणांचं खाऊन इथवर आलो. ज्यांनी ती पहिली पायली दिली त्यांची नावंही सगळी आठवत नाहीत. डोमाकाका होते, त्यांच्या शेतात कधी रास मोठी व्हायची नाही, तरी त्यांची पायली बाकीच्यांएवढीच शिगेची असायची. त्यांना मंजुषा पुढे काय झाली ते कधी कळलं नाही, आणि कळावं म्हणून त्यांनी ती दिलीही नव्हती. बसच्या खडखडाटात तिने मनातल्या मनात त्यांचे आभार मानले, आणि मग आजूबाजूला पाहिलं, कोणी पाहिलं तर नाही ना.

कुंता बालवाडी झाडत होती. तिशीतली, उंच, सासर आंबेबोडीचं, माहेर भद्रावतीच्या बाजूचं. खाणीत कामाला असलेल्या बापाने बारावीपर्यंत शिकवलेली. मंजुषाला पाहून तिने केरसुणी ठेवली आणि चेहरा कोरडा ठेवला. मंजुषा आधी म्हणाली, "चहा ठेव. परवाचा राहिला माझा." मग चुलीपाशी बसून तिने सगळं सांगितलं, लाभ, भूपेश, पुसलं जाणं, टोला. आपण खिडकीबाहेर उभं राहून काय विचार केला तेही सांगितलं. कुंता दूध उतू जाईल म्हणून भांड्याकडे बघत ऐकत होती.

"पोट्टे लाभ म्हणतले?" तिने विचारलं, आणि तिला हसू फुटलं. "माया माहेरी नाई म्हणत असं. इथी आली तवा सासूनं मले शिकवलं. मी एक म्हणतलं तं तिनं हातातली पायली घेऊन घेतली होती." हसू ओसरल्यावर तिने भांडं उतरवलं. चहा गाळला, एक कप मंजुषापुढे सारला. "तुमाले काय वाटते, बाई?"

"मला भीती वाटते," मंजुषा म्हणाली. "टोला हातचा जाईल याची."

"मोजू द्या," कुंता म्हणाली. "रास परत मोजली तं कमी होते का?"

मंजुषाने तो चहा सावकाश प्यायला, आणि तो फार गोड होता. तिथूनच तिने भूपेशला कळवलं.

दुसऱ्यांदा तपासायला रीता नावाची मुलगी आली. लाभाबद्दल तिला भूपेशने सांगितलं होतं आणि त्यांच्या ऑफिसने ठरवलं होतं, की पहिल्या मापाला मूल काय म्हणतं ते बघायचं नाही. माप भरून ओततं का आणि शेवटचा आकडा बरोबर येतो का, ते बघायचं. मंजुषा आणि कुंता लांब, गावाबाहेरच्या बेहड्याच्या झाडाखाली जाऊन बसल्या. एवढ्या लांबून काही ऐकू येत नव्हतं. मंजुषाला आधी ते असह्य वाटलं. मग हळूहळू, ऊन पायावर येत गेलं तसं, तिला बरं वाटायला लागलं. आत जे चाललं होतं त्यात तिचा हात नव्हता, तिची नजरही नव्हती, आणि तरी आत काहीतरी होतं, जे या शेजारी बसून काडीने दात कोरणाऱ्या बाईने वर्षभर रोज येऊन घातलेलं होतं. आपल्याला बाहेर बसवणारा तो नियम तिला पहिल्यांदाच आपलासा वाटला. बाबा बंडीपाशी जाऊन बसायचे तेव्हा त्यांनाही असंच वाटत असेल का, हे त्यांना घरी गेल्यावर विचारायचं तिने ठरवलं. ती कुंताला म्हणाली, "तुझे आभार मानायचे राहिले." कुंता म्हणाली, "मानाचे कायले?" आणि काडी फेकून दिली.

निकाल होळीच्या जरा आधी आला. आंबेबोडी पुढे गेली होती, टोल्याची बालवाडी मंजूर झाली होती. मंजुषाने ही बातमी फोनवर सांगितली नाही. ती स्वतः गेली, पोहोचेपर्यंत दुपार झाली होती, आणि कुंता गावात नव्हती. सासू म्हणाली, नाल्याकडे गेली असन. रंभाला आपणच जाऊन सांगावं असं मनात धरून मंजुषा नाल्याकडे चालायला लागली. पळस फुलले होते. नाल्यात आता घोट्याएवढंच पाणी होतं, आणि पलीकडे चढावर मुलांचा आवाज येत होता.

रंभाच्या अंगणात, मांडवाच्या सावलीत, टोल्यावरची सगळी पोरं गोल करून बसली होती. मध्ये कुंता. पोरं चिंचोके मोजत होती, एक पोरगी चुकली तर शेजारचा तिचा हात धरून पुन्हा पहिल्या चिंचोक्यावर नेत होता. जमीन सारवलेली होती, मांडवाच्या खांबावर कोळशाने गोल, चौकोन काढलेले होते, वरचे पुसट आणि खालचे ताजे, म्हणजे हे कालपरवाचं नव्हतं. पोरांना पाळी येईपर्यंत थांबायची सवय होती. मंजुषा मांडवाच्या कडेला उभी राहिली. तिला आलेली पाहून रंभाने घरातून पाण्याचा गडवा आणला आणि सहज सांगितलं, "पोरा-मागच्या दिवाळीपासून येते कुंताबाई. तिकडची शाळा सुटली का रोज इकडं."

म्हणजे गेली दिवाळी नव्हे, त्याच्याही आधीची. पावसाळ्यातसुद्धा, नाला भरलेला असताना, ही बाई येत होती. मंजुषाने तिच्या कामाचा प्रत्येक आढावा घेतला होता, आणि हे तिला माहीत नव्हतं.

कुंता उठून आली. पकडल्या गेलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा करून.

"कुंता, टोला मंजूर झाला," मंजुषा म्हणाली. मग म्हणाली, "हे मले सांगतलं काऊन नाई?" आपण तिच्याशी घरच्या भाषेत बोलतो आहोत हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

कुंताने पदराने हाताला लागलेली माती पुसली. "सांगतलं असतं तं तुमी मोजलं असतं, बाई," ती म्हणाली.

त्यात टोमणा नव्हता, ती खरं काय ते सांगत होती. मंजुषाने हसायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिने पुसलं नाही. मागे कोणीतरी पोरगं कुंताला हाक मारायला लागलं, त्याची पाळी आली होती. कुंता परत गेली. मंजुषाने चपला काढल्या आणि ती पोरांच्या मागे, सारवलेल्या जमिनीवर, जागा मिळाली तिथे जाऊन बसली.